सातव्या कपाटातला बुधाजी

अंबरनाथ,
३१ जानेवारी १९५५

प्रिय शरदचंद्र,

काल तुझं संग्रहालय पाहून टांग्याने घरी परतले तेव्हा पाय दुखत होते आणि डोकं तापलेलं होतं. पायांना गरम पाण्याचा शेक दिला. डोक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तू कॅम्प चारमध्ये राहतोस आणि मी अंबरनाथला, तेव्हा समोर येऊनही बोलता आलं असतं. पण आपल्या आया सख्ख्या बहिणी, त्यामुळे मी तुला दुपट्यातला असल्यापासून ओळखते. समोरासमोर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात मधे तोंड घालायची सोय नाही.

आधी चांगलं सांगते. दारावरची पाटी मला आवडली: ‘हेरगिरीचे खरे जग’. पिस्तुलं आणि नाचणाऱ्या बायका मांडायचा मोह तू टाळलास. खरा हेर म्हणजे एका खिडकीशी महिनोन्‌महिने बसून कुठली गाडी कधी आली ते बघणारा कंटाळलेला माणूस, असं तू त्या सिंधी बायकांना समजावत होतास तेव्हा मला अभिमान वाटला. त्यातली एक म्हणाली, “अरे साईं, ये तो हमारी सास रोज करती है.” तू हसला नाहीस. हसायला हवं होतंस. पोकळ टाचेचा बूट, दुहेरी तळाचा बिस्किटांचा डबा, कबुतराच्या पायात बांधायची नळी, सगळं नीट मांडलंयस. लिंबाच्या रसाने लिहिलेला मजकूर इस्त्रीने उमटवून दाखवलास त्याचं मात्र मला नवल वाटलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मुली तेच करायचो, आणि सिस्टर बर्नाडेट आमच्या चिठ्ठ्या पकडून आधी इस्त्रीखाली घालायच्या. त्या बाईंना सरकारने पगारावर ठेवायला हवं होतं.

मग मी सातव्या कपाटापाशी आले.

काचेआड तीन सदरे, एक उशीचा अभ्रा, दोन रुमाल. प्रत्येकाच्या कडेला बिब्ब्याने केलेल्या खुणा: ठिपके, फुल्या, आडव्या रेघा. मागे एका माणसाचा फोटो. त्याने छातीशी दोन्ही हातांनी पाटी धरलेली, पाटीवर नंबर. खाली तुझं वळणदार अक्षर: ‘शत्रूचा हेर, धोबी बुधाजी. कपड्यांवरील सांकेतिक खुणांनी पलटणींच्या हालचाली शत्रूस कळवीत असे. १९४३.’

शरद, हा बदलापूरचा बुधाजी परीट. कल्याणच्या इस्पितळात मी मेट्रन होते तेव्हा आमच्या चादरी हाच धुवायचा. चार वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको पुतळाबाई अजून दर आठवड्याला माझे कपडे न्यायला येते. आणि तुझ्या त्या ‘सांकेतिक खुणा’ माझ्या परकरावरसुद्धा आहेत! कुठलाही परीट बिब्ब्याने खूण करतो, नाहीतर तुझी विजार माझ्या घरी येईल. कालच बोटीतून उतरलेला एखादा गोरा पोरगा फसला असेल तर समजू शकते. तू गिरगावात वाढलास.

त्याला कल्याणच्या लष्करी छावणीत धरलं होतं हे खरं. संशयावरून धरलं, चौकशी केली, सोडून दिलं, आणि मग त्याच छावणीने लढाई संपेपर्यंत त्याच्याकडूनच कपडे धुऊन घेतले. हे तुझ्या पाटीवर का नाही?

त्याच्या मुलीचं, सरूचं, लग्न वांगणीच्या महिपती परटाच्या मुलाशी ठरलं आहे. वैशाखात आहे. ही पाटी तिथवर पोचली तर काय होईल हे कळायला हेर लागत नाही. सातवं कपाट रिकामं कर. लगेच.

तुझी,
हेमाताई


उल्हासनगर, कॅम्प ४,
४ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप हेमाताईस,

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा भीत भीत आणि एकदा चहा घेऊन. दुसऱ्या वेळी थोडे बरे वाटले.

परीट बिब्ब्याने खूण करतो हे मला माहीत नसेल असे तुला कसे वाटले? पण या खुणा निराळ्या आहेत. नेहमीच्या खुणेखाली हा मनुष्य आणखी रेघा मारीत असे. कोणता अधिकारी कोणत्या बराकीत आहे ते त्या रेघांवरून कळे. पलटण हलली की रेघ बदले. आता तूच सांग, छावणीत कोण आले, कोण गेले, कोण कुठे उतरले आहे, हे समजावे म्हणूनच शत्रू पैसे मोजत होता ना? आणि ती सारी माहिती एका परटाच्या बोचक्यात तयार होती! माझ्या संग्रहालयाचा मुद्दाच हा आहे. हेर टोपी तिरकी घालून येत नाही. तो आपल्या घरी येतो आणि मळके कपडे घेऊन जातो.

शिवाय हे माझ्या मनचे नाही. छावणी मोडली तेव्हा मी लिलावात ज्या पेट्या घेतल्या, त्यांत हे कपडे, हा फोटो आणि टाइप केलेले टिपण होते. खाली एका लेफ्टनंटची सही आहे. ‘धोकादायक इसम’ असे स्पष्ट म्हटले आहे. त्याला पुढे सोडले असे तू म्हणतेस, पण कागदात तसे काही नाही.

ताई, मी लष्करी हिशेबखात्यात जन्म काढला. दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्यांवर लाल रेघा मारल्या. स्वतःची म्हणून एवढी एकच गोष्ट केली. हल्ली लोक दुरून येतात, आणि खरे सांगायचे तर गर्दी सातव्या कपाटापाशीच असते. बाकीचे पाहून लोक ‘हं’ म्हणतात. तिथे आले की थांबतात, आपल्या कॉलरी उलट्या करून पाहतात. पुढच्या महिन्यात शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत. त्यांना पसंत पडले तर शाळांच्या सहली सुरू होतील.

बदलापूर-वांगणीचे परीट तिकीट काढून इथे येणार आहेत का? तू उगाच काळजी करतेस.

तुझा,
शरदचंद्र


अंबरनाथ,
७ फेब्रुवारी १९५५

शरदचंद्र,

टाइप केलेल्या कागदापुढे तू हात जोडतोस, कारण जन्मभर दुसरं काही पाहिलं नाहीस.

मेजरची पाटलोण मेजरला पोचवायची तर मेजर कुठल्या बराकीत झोपतो ते परटाला माहीत नको? की त्याने ती बराकीबराकीतून ‘कुणाची हो ही?’ म्हणून ओरडत फिरवायची होती? पलटण हलली की रेघ बदलणारच. तो त्याचा धंदा. नीट करत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

तू म्हणतोस त्याला माहीत होतं. होतंच. मलाही पुष्कळ माहीत असतं. कल्याणमधल्या अर्ध्या अब्रूदार घरांची दुखणी मला माहीत आहेत. तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तू कुठल्या दुखण्यासाठी माझ्या इस्पितळाच्या मागच्या दाराने यायचास ते मला माहीत आहे. तुझ्या बायकोला अजून माहीत नाही. मग मी हेर का? माहीत असणं निराळं आणि सांगणं निराळं. एवढं मोठं संग्रहालय उभारलंस, पण हा फरक तुझ्या एकाही कपाटात नाही.

तेव्हा साहेब यायच्या आत कपाट रिकामं कर, नाहीतर साहेबाला मी स्वतः माझा परकर दाखवायला आणीन. धुतलेला. इस्त्री केलेला.

हेमाताई


अंबरनाथ,
२४ फेब्रुवारी १९५५

शरदचंद्र,

‘तू उगाच काळजी करतेस’ असं तू मला लिहिलंस तेव्हा पत्रकं छापखान्यात होती. हो ना?

महाशिवरात्रीच्या जत्रेत माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर तू ती वाटलीस. मी देवळात गेले नाही, गर्दी सोसत नाही, म्हणून माझ्या हाती पडलं नाही. महिपतीच्या हाती पडलं. तो वांगणीहून बैलगाडी जुंपून दर्शनाला आला होता. बेल, फूल आणि त्यावर तुझा कागद: बुधाजीचा चेहरा, हातात नंबराची पाटी, वर जाड अक्षरात ‘धोबी की हेर?’

पुतळाबाई काल कपडे न्यायला आली. एरवी आली की आधी माझ्या मोलकरणीशी भांडते, मग पाणी मागते. काल पायरीवर नुसती बसली. म्हणाली, “मेट्रनबाई, महिपती येऊन गेला.”

त्याने टोपीतून त्या कागदाची घडी काढून तिच्यापुढे ठेवली. “विहीणबाई, हे आमचं व्याही का?”

ती म्हणाली, “व्हय.”

“खुणांचं मला सांगू नका. मीबी परटाच्याच पोटचा. खुणा मला कळत्यात. पर ह्या पाटीवर नंबर हाय. नंबर कैद्याला देत्यात. सोयरीक जुळवताना तुम्ही लुगड्याचं बोललात, भांड्यांचं बोललात. घरात कैदी व्हता, हे बोलला न्हाई.”

“नव्हते कैदी. पावसाळाभर ठेवून सोडलं त्यांना.”

“चोर असता तरी चाललं असतं मला,” तो म्हणाला. “चोर शिक्षा भोगतो, संपतं. हेर म्हंजे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरात बसून त्याचंच भायेर सांगणारा. परटाच्या घरात असला मानूस निघाला तर गिऱ्हाइकानं आपल्या दारात कपडे टाकावे का?”

आणि लग्न थांबवून गेला. मोडलं नाही म्हणाला, थांबवलं. जातीतले चार लोक विचारतील त्यांना काय सांगू, ते मला आणून द्या, म्हणाला.

शरद, मला वाटत होतं की खुणांचा खुलासा झाला की प्रश्न मिटला. मी चुकले. तो मनुष्य खुणा तुझ्या लेफ्टनंटपेक्षा चांगल्या वाचतो. त्याला नंबर खुपतो आहे. मी पुतळाबाईला म्हटलं, अगं, आत काय काय झालं ते सगळं त्याला सांग की! तर म्हणाली, “सांगून काय व्हतंय, बाई?” आणि बोचकं डोक्यावर घेऊन निघाली.

आता सांग, काय करणार आहेस?

हेमाताई


उल्हासनगर, कॅम्प ४,
१ मार्च १९५५

तीर्थरूप हेमाताईस,

पत्रके छापखान्यात होती. तुला लिहायचे टाळले. तू ती जाळायला लावशील हे ठाऊक होते.

तुझे पत्र आले त्याच दिवशी सातव्या कपाटावर चादर टाकली आणि कुलूप लावले. त्याचा उलटाच परिणाम झाला. लोक आत येतात, सहा कपाटे ओलांडून थेट चादरीपाशी जातात आणि कुजबुजतात. शेजारचा पापडवाला सांगतो आहे की दिल्लीहून हुकूम आला आणि पोलिसांनी सील केले. काल एकाने मला हळूच विचारले, “साहब, वो धोबी अभी ज़िंदा है क्या?”

दुसरे सांगायचे ते असे. शनिवारी एक बाई आणि एक तरुण मुलगी आल्या. बाईने चादरीकडे बोट दाखवले. मी ओळखले. वाटले, आता चारचौघांत माझा उद्धार होणार. मी चादर काढली. बाई काचेजवळ गेली आणि उभी राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मधल्या वेळात दोन कुटुंबे पाहून गेली. तिचे डोळे वाहत होते. मला ते पाहवेना. मी म्हटले, “बाई, माझ्या हातून चूक झाली. हा फोटो मी आजच जाळून टाकतो.” वाटले, तिला बरे वाटेल. तर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी दोन पावले मागे सरलो. मुलीने तिला धरून बाहेर नेले.

मला क्षमा नाही असे दिसते. कपड्यांचे काय करू? फोटो मात्र या रविवारी जाळीन म्हणतो, म्हणजे पुन्हा कुणाच्या हाती पडायला नको.

तुझा,
शरदचंद्र


बदलापूर,
३ मार्च १९५५

मेट्रनबाईंना सरूचा नमस्कार.

बाई, मी पत्र लिहिते त्यात चुका असतील. शाळा चौथीलाच सुटली. आई जवळ बसून सांगते आहे पण ती सगळं सांगत नाही म्हणून मी माझंही लिहिते.

तुमच्या भावांनी फोटो जाळतो म्हणून सांगितलं. त्यांना जाळू देऊ नका. आमच्या घरात बाबांचा फोटो नाही. कधी काढलाच नाही. बाबा वारले तेव्हा फोटोवाल्याला बोलवू म्हणून मामा म्हणाला, आई म्हणाली मेलेल्या माणसाचा नको. चार वर्षं झाली, आई म्हणते आता डोळे मिटले तरी तोंड नीट दिसत नाही, नाक तेवढं दिसतं. त्या दिवशी काचेत बाबा उभे. केस काळे होते. आई घरी येऊन म्हणाली, अगं, डावी भुवई तुटकी होती, मी विसरलेच होते.

आई तुमच्या भावांवर रागावली नाही. आधी रागावली होती.

दुसरं, आईने वांगणीला निरोप धाडला आहे. मुलीकडच्यांनी लपवलं असं म्हणता तर या आणि काचेसमोर उभे राहून काय ते विचारा. होळी झाल्यावरच्या रविवारी येतो असा उलट निरोप आहे. तुम्ही असलात तर बरं, कारण तुमचे भाऊ तुम्हाला भितात.

तिसरं माझं आहे. आईला वाचून दाखवलं नाही. महिपतीमामांनी लग्न थांबवलं त्याचं मला एवढं नाही. त्यांचा मुलगा कान्हा बरोबर आला होता, गाडीपाशी उभा होता, आणि एक शब्द बोलला नाही. ते मला लागलं.

सरू


अंबरनाथ,
५ मार्च १९५५

शरदचंद्र,

काडीपेटी खाली ठेव.

सरूचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच आणि लाज वाटून घे. मीही वाटून घेतली. कपाट रिकामं कर म्हणून महिनाभर मीच तुझ्या मागे लागले होते. पुतळाबाईला विचारावं हे मलाही सुचलं नाही. दोघं शिकलेले, दोघं तिच्या वतीने भांडत होतो आणि तिचा नवरा तुझ्या काचेत अडकून पडला होता.

रविवारी, तेराला, ते लोक येतील. चादर काढ. काच पूस. जुनी पाटी फाड आणि नवी लिही, त्याच वळणदार अक्षरात. मजकूर असा: ‘बुधाजी परीट, बदलापूर. १९४३ साली संशयावरून धरला. खुणा परटाच्या धंद्यातल्या निघाल्या. सोडला. पुढे लढाई संपेपर्यंत याच छावणीचे कपडे त्याने धुतले.’ यात तुझं एकही विशेषण घालू नकोस. तीच पाटी मोठ्याने वाचायची, महिपतीसमोर. आणि जत्रेत जितकी पत्रकं वाटलीस तितकीच या मजकुराची छापून बदलापूर आणि वांगणीच्या बाजारात वाटायची, स्वतः उभं राहून.

मी येणारच आहे.

हेमाताई


उल्हासनगर, कॅम्प ४,
१४ मार्च १९५५

तीर्थरूप हेमाताईस,

नेमकी कालच तुझी कंबर धरली आणि तू आली नाहीस. टांगेवाल्याने निरोप दिला. आता सगळे सविस्तर लिहितो, कारण तू विचारून विचारून जीव घेशील.

महिपती आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, हातात काठी. मागे कान्हा, मान खाली. पुतळाबाई आणि सरू आधीच येऊन कपाटापाशी उभ्या होत्या. मी बाकीच्या लोकांना बाहेर काढले आणि पाटी वाचली. ‘पत्रक मी छापले, मला पुढचे माहीत नव्हते,’ हेही सांगितले.

महिपतीने सगळे शांतपणे ऐकले. मग काचेवर काठीचे टोक टेकवून मला विचारले, “सोडलं म्हनता. बरं. रेघा परटाच्या हायेत हे कळायला साहेबाला किती वेळ लागंल? एक दीस? दोन दीस? मंग येवडा पावसाळा त्याला आत का ठिवला? काय तरी असनार.”

ताई, तुझ्या मजकुरात याचा खुलासा नव्हता. मी पुतळाबाईकडे पाहिले. ती काचेकडे पाहत होती. वाटले, आता लग्न मोडले.

मग ती बोलली, पण महिपतीकडे न बघता, फोटोकडे बघत.

“रेघांचं त्यांनी पहिल्याच दिशी सांगून टाकलं. साहेबाला पटलंबी. मंग साहेब म्हनाला, आता हे सांग, कोनाच्या खिशात काय काय सापडतं? कोनाच्या कपड्यात कोनाचं पत्र, कोनाच्या उशीला कसला डाग? कोन दारू पितो, कोनाकडं बाई येते? आमचेच लोक हायेत, आम्हाला कळू दे. हे म्हनाले, गिऱ्हाइकाच्या बोचक्यातलं भायेर सांगत न्हाई, साहेब. साहेब म्हनाला, अरे, आम्हीच तर तुझं गिऱ्हाईक! हे म्हनाले, तुम्ही एक गिऱ्हाईक. तुमचं तुमाला सांगतो, इचारा. दुसऱ्याचं तुमाला का सांगू?”

कोणीतरी हसले. कान्हा होता.

“साहेबाला राग आला. हेर न्हाईस तर सांगत का न्हाईस, म्हनाला. ठिवला आत. रोज उभं करायचं, रोज इचारायचं. मंग त्या साहेबाची बदली झाली. दुसरा आला. त्यानं तोंड बघून हाकलून दिलं. जा म्हनाला, कपडे साचल्यात.”

महिपतीने काठी काचेवरून खाली घेतली. म्हणाला, “माझा बाप ठान्याला एका वकिलाचे कपडे धुवायचा. त्या घरातलं काय काय म्हाईत असनार त्याला. मरेपातूर बोलला न्हाई. माझ्या आईलाबी न्हाई.” मग एकदम पुतळाबाईवर उखडला. “अन् हे तुम्ही मला आधी का सांगितलं न्हाई? असल्या घरातल्या पोरीला मुकलो असतो मी!”

“न सांगायचं म्हनून तर ते आत बसले,” ती म्हणाली. “मी कसं सांगायचं?”

टोपी काढून त्याने डोके खाजवले आणि म्हणाला, “वैशाखातली तीच तिथ धरा.”

मला वाटले संपले. तर सरू पुढे झाली आणि सरळ कान्हासमोर उभी राहिली. “त्या दिशी बोलला का न्हाई?”

“आबांसमोर मी बोलतो व्हय?” कान्हा पुटपुटला.

“आबांसमोर नका बोलू. मागनं येऊन माझ्यासमोर बोलायचं. बदलापूर काय विलायतेत हाय?”

“चुकलं,” तो म्हणाला.

“मोठ्यानं.”

“चुकलं!” बाहेरचे लोक दारातून डोकावले. महिपतीने मला कोपर मारून विचारले, “पोरगी कोनावर गेलीय हो?” मी म्हटले, “तिची आई आमच्या ताईकडे कपडे न्यायला येते ना, त्याचा परिणाम.”

फोटोचे असे झाले. मूळ फोटो पुतळाबाईला द्यायचा आणि त्याची नक्कल कपाटात लावायची असे मी ठरवले. बाजारातल्या गोपालदास फोटोवाल्याकडे सगळे गेलो. त्याने फोटो पाहिला, नंबर पाहिला, आणि समजूतदारपणे म्हणाला, “बाई, ये पट्टी निकाल देता हूँ. इसके जागे फूल बना दूँगा. अच्छा लगेगा.” मला ते पटले. महिपतीलाही पटले. पुतळाबाई नाही म्हणाली.

“पाटी काढली तर हात कुठं ठिवाल त्यांचे?” ती म्हणाली. “घट्ट धरल्यात. तसेच राहू द्या.”

नक्कल काढून होताच फोटो तिने पदराखाली घेतला आणि बदलापूरच्या वाटेला लागली.

तुझा,
शरदचंद्र


अंबरनाथ,
२ मे १९५५

प्रिय शरद,

तू लग्नाला आला नाहीस. शाळेची सहल होती म्हणे. तुझ्या संग्रहालयाला साहेबाने शिक्का दिला याचा आनंद आहे, पण तू जे चुकवलंस ते तुझ्या आठही कपाटांत मिळून नाही. म्हणून लिहिते.

मला वांगणीपर्यंत बैलगाडीतून नेलं, खाली पेंढा आणि वर गोधडी घालून. कंबर जागेवर आहे. मांडवात बुधाजी पाटावर बसला होता. नवीन चौकट, झेंडूचा हार, कपाळाच्या जागी काचेवर कुंकू. हार मुद्दाम आखूड घातला होता, पाटी झाकली जाऊ नये म्हणून. सरूने हळदीचे हात जोडून त्याला नमस्कार केला आणि मग कान्हाला डोळ्यांनी खुणावलं. त्याने लगेच केला. मुलगा सुधारतो आहे.

वऱ्हाडातला जो तो विचारी, हा नंबर कसला? आणि महिपती सांगी. सकाळी त्याने बरोबर सांगितलं, अगदी तुझ्या पाटीवर आहे तसं, आणि बोचक्यातलं बाहेर न सांगितल्याचं वर. जेवणाच्या पंगतीला मी कान दिला तेव्हा बुधाजीला साहेबाने तोफेच्या तोंडी बांधलेलं होतं. मांडवाची सावली लांबली तोवर तो गोऱ्यांच्या बराकीत मुद्दाम शिरलेला होता, सगळ्या पलटणींची मोजदाद बिब्ब्याने करून गांधीबाबाच्या लोकांना पोचवत होता, आणि इंग्रज लढाई संपल्यावर देश सोडून गेले यात त्याचाही हात होता. “आमचे व्याही हेर व्हते!” महिपती मिशीवर हात फिरवून सांगत होता. “साधेसुधे न्हाईत. पक्के हेर!” वांगणीची माणसं पाटासमोर वाकून जात होती.

म्हणजे तू जे खोटं लिहिलंस म्हणून मी महिनाभर तुझ्याशी भांडले, तेच आता हार घालून मिरवत होतं!

तू मला ओळखतोस. मला खपलं नाही. मी हातातलं पान बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि खुलासा करायला उठले. “अहो महिपतराव,” इतकं म्हणून झालंही होतं. पुतळाबाई माझ्या मागेच बसली होती. तिने माझा पदर ओढला.

“बसा, मेट्रनबाई,” ती हळूच म्हणाली. “सांगू द्या त्याला. तुमाला अन् मला म्हाईत हाय ना? झालं तर.”

मी बसले.

तुझी,
हेमाताई